आधी मासा, मग भात : वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा मधल्या वेळचा डबा

आजच्या विषयाची सुरुवात आपण मालवणच्या ताटापासून करू. ताटात काय असतं? भाताची मूद, त्यावर तिकला, एखादी तळलेली तुकडी, बाजूला सोलकढी. हे ताट बघून आपण म्हणतो, "आम्ही रोज मासे खातो, आम्हाला प्रोटीन कशाला कमी पडेल?" धडधाकट माणसाचं यावर भागून जातं. पण ज्याची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्याचं याच ताटावर पोट भरतं आणि शरीर मात्र उपाशी राहतं. असं का होतं, आणि त्यावर मधल्या वेळच्या खाण्याने काय करता येतं, एवढंच आज सांगायचं आहे.

या शस्त्रक्रियेला बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. २०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत ती करून घेतली, तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. हिचे दोन प्रकार जास्त होतात. स्लीव्हमध्ये जठराचा बराचसा भाग, साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त, काढून टाकतात. उरतो तो केळ्याच्या आकाराचा भाग, ज्यात सुरुवातीला १०० ते १५० मिली मावतं, म्हणजे आपली आमटीची एक वाटी. बायपासमध्ये जठराची जी छोटी पिशवी करतात ती त्याहूनही लहान, ३० मिलीच्या आसपास, आणि ती आतड्याला खाली जोडतात.

आता हिशेब बघा. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं. नेमका आकडा तुमचे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतात. जागा मात्र वाटीभर. त्या वाटीत आधी चार घास भात गेला की मासा उरतो ताटात. प्रोटीन कमी पडलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही वापरून टाकतं. वजनकाट्यावर आकडा उतरतो म्हणून घरचे खूश असतात, पण जिना चढताना पाय थरथरतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. वजन झपाट्याने उतरल्यावर थोडे केस गळतातच आणि बहुतेकांचे परत येतात, पण प्रोटीन आणि लोह कमी असेल तर ते गळणं लांबतं. म्हणून नियम एकच : आधी मासा, मग भाजी, आणि जागा उरली तर भात.

तीन जेवणांत ६० ग्रॅम बसत नाहीत. म्हणूनच मधल्या वेळचं खाणं इथे औषधासारखं असतं : ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापात. येता-जाता तोंडात टाकत राहणं वेगळं. त्याने वजन परत वाढतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. पहिले काही आठवडे फक्त पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, असे टप्पे असतात. खाली सांगितलेले पदार्थ तुमचा तो टप्पा आल्यावरच खायचे. फुटाण्यासारखं कडक खाणं सगळ्यात शेवटी.

मग डब्यात काय ठेवायचं? एक उकडलेलं अंडं म्हणजे ६ ग्रॅम. बांगड्याचं काटे काढलेलं ५० ग्रॅम मांस म्हणजे सुमारे १० ग्रॅम. सकाळचा तिरफळ घातलेला बांगडा असेल तर रस बाजूला ठेवून नुसता मासा चारच्या वेळेला खाता येतो. तळलेल्या तुकडीपेक्षा तो मऊ असतो आणि लहान पोटाला सोसतो. सुका जवळा, ज्याला आपण गोलमा म्हणतो, तो तर लपलेला खजिना आहे. १०० ग्रॅममध्ये ६० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. निवडून, रेती झटकून, मंद आचेवर भाजलेला १५ ग्रॅम जवळा म्हणजे मूठभरसुद्धा नाही, पण ९ ग्रॅम मिळून जातात. किसमूर करताना खोबरं चिमूटभरच घाला. खारा बांगडा मात्र यात धरू नका. त्यात मीठ इतकं असतं की रक्तदाबवाल्याने त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

शाकाहारात पनीर ५० ग्रॅमला ९ ग्रॅम देतं, टांगलेल्या दह्याचा चक्का १०० ग्रॅमला साधारण ८, आणि ३० ग्रॅम फुटाणे ६. फुटाणे जड वाटले तर साल नसलेलं डाळं घ्या आणि सावकाश चावा.

आता आपल्या लाडक्या पदार्थांबद्दल थोडं कडू बोलावं लागेल. काजूत प्रोटीन आहे, पण दहा काजूंत जेमतेम ३ ग्रॅम, आणि काजूचा जवळजवळ निम्मा भाग तेल. सोलकढीत नारळाचा रस, म्हणजे मुख्यतः स्निग्धांश. कुळथाची पिठी चांगलीच, पण दोन चमचे पिठात ४ ग्रॅम मिळतात, बाकी पाणी. जत्रेतलं मालवणी खाजं तर गुळात घोळलेलं. बायपासनंतर असं गोड एकदम पोटात गेलं की ते झपाट्याने आतड्यात उतरतं. धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब. याला डंपिंग म्हणतात. एकदा अनुभवलेला माणूस सहसा विसरत नाही.

आपल्या किनाऱ्याची खरी अडचण पावसाळ्यात सुरू होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. पाठोपाठ श्रावण, मग गणपती. म्हणजे तीन महिने कित्येक घरांत ताजा मासा जवळजवळ नाही. बंदीच्या काळात सुका जवळा आणि अंडी हाताशी असतात. श्रावणात तेही जातं. तेव्हा दिवस कसा भरायचा? दीडशे मिली दुधात २० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर : १२. पनीर : ९. मुगाची किंवा कुळथाची छोटी वाटी उसळ : ६. फुटाणे : ६. चक्का : ८. सोयाबीनच्या वड्या, कोरड्या २० ग्रॅम : १०. बेरीज ५१. अजून ६० झाले नाहीत! इथे डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर अर्धा चमचा-माप घेतली की १० ग्रॅमची भर पडते. "घरचं असताना डब्यातलं कशाला?" असं घरातली वडीलधारी माणसं म्हणतील. त्यांना ही बेरीज दाखवा. बांगडा मिळतो तेव्हा बांगडा, नाही मिळत तेव्हा पावडर, यात कमीपणा नाही. बार घेणार असाल तर वेष्टनावर साखर किती ते आधी वाचा.

याच दिवसांत चाकरमानी गावी येतात. समजा, मुंबईत शस्त्रक्रिया झालेला कोणी रात्रीच्या कोकणकन्येने निघालाय. कुडाळला उतरून पुढे मालवणपर्यंत एसटी. वाटेत वडापाव आणि चहा, एवढंच समोर येतं. त्याने पिशवीत फुटाणे ठेवावेत, कोरड्या बाटलीत मोजलेली पावडर ठेवावी, आणि हवाबंद खोक्यातलं साधं दूध. उकडलेली अंडी नेली तर दोन तासांत संपवावीत, उकाड्यात त्याहून लवकर. पनीर बर्फाशिवाय नको. आणि जवळ्याचा डबा गाडीत उघडू नये, शेजाऱ्यांचाही विचार करावा!

खाताना तीन गोष्टी : घास लहान आणि पूर्ण चावलेला. खाण्याबरोबर पाणी, सोलकढी, ताक नाही, पातळ ते अर्ध्या तासाने. आणि पोट भरल्याची पहिली खूण आली की थांबायचं. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात तशा चालूच ठेवायच्या. मासा त्यांची जागा घेत नाही.

शेवटचं सांगणं रुग्णाला नाही, त्याच्या घरच्यांना. घरी पोचल्यावर मायेने कोणीतरी म्हणणारच, "काय रे, इतक्याच? वायच भात घे मरे!" ती माया खोटी नाही. फक्त यापुढे भाताच्या जागी बांगड्याचा एक काटे काढलेला तुकडा पुढे करा, आणि त्याने "पुरे" म्हटलं की थांबा.