'ए' की 'अ‍ॅन'? कानाला विचारा

'ए' आणि 'अ‍ॅन' या इंग्रजी उपपदांचा पाठ केलेला नियम असा : पुढचा शब्द ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एका अक्षराने सुरू होत असेल तर 'अ‍ॅन', नाहीतर 'ए'. हा नियम इमानाने पाळणारा विद्यार्थी 'अ‍ॅन युनिव्हर्सिटी' आणि 'ए अवर' लिहितो आणि दोन्हीकडे गुण गमावतो. चूक त्याची नाही, नियमाची आहे.

निवड अक्षरावरून नव्हे, उच्चारावरून ठरते. 'युनिव्हर्सिटी'चे स्पेलिंग यू या अक्षराने सुरू होते, पण उच्चारात आधी 'य्' हे व्यंजन येते, म्हणून 'ए'. तास या अर्थाच्या 'अवर'मध्ये एच लिहितात, पण उच्चारत नाहीत. कानावर आधी स्वर पडतो, म्हणून 'अ‍ॅन'. तसेच 'अ‍ॅन एम.एल.ए.', पण 'ए वन-रुपी नोट'.

असे का? दोन स्वर लागोपाठ आले की उच्चार अडखळतो. मध्ये 'न्' असला की तो सुलभ होतो. आपल्याला हे नवीन नाही. संस्कृतातून आलेले नकारार्थी शब्द पहा : अज्ञान, अशक्य, अयोग्य, पण अनादर, अनुचित, अनंत. व्यंजनापूर्वी 'अ', स्वरापूर्वी 'अन्'. सहज बोलण्यात इंग्रजी उपपदेही 'अ' आणि 'अन्' अशीच ऐकू येतात. अर्थ मात्र वेगळे. इथे नकार, तिथे 'एक'.

जुन्या इंग्रजीत 'आन' म्हणजे एक. त्यापासून 'अ‍ॅन' आले आणि पुढे व्यंजनापूर्वीचा 'न्' गळून 'ए' उरले. म्हणजे 'अ‍ॅन' हेच आधीचे रूप. हा 'न्' उपपदाचा की नामाचा, याबद्दल खुद्द इंग्रजांचाही गोंधळ झाला आहे. 'एप्रन' हा शब्द पूर्वी 'नॅप्रन' होता. 'ए नॅप्रन'चे 'अ‍ॅन एप्रन' झाले!

वर्गात एक सोपी युक्ती करता येईल. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायला सांगावा. आरंभी अ, आ, इ, ए, ऑ असा स्वर आला तर 'अ‍ॅन', व्यंजन आले तर 'ए'. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. काहींच्या बोलण्यात 'एम'चा 'येम' होतो. तिथे इंग्रजी उच्चारच धरावा. आणि पाहायचा तो उपपदाला लागून येणारा शब्द, नाम नव्हे : 'अ‍ॅन अम्ब्रेला', पण 'ए ब्लॅक अम्ब्रेला'.