नाडेप टाके : लहान कुटुंबाच्या खतनिर्मितीचा हिशेब

थोडी जमीन, एखाद-दुसरे जनावर आणि घरचे मनुष्यबळ एवढ्यावर ज्या कुटुंबाचा प्रपंच चालतो, त्याच्यापुढे शेणाच्या विनियोगाचा प्रश्न नित्य उभा असतो. शेणाच्या गोवऱ्या थापल्या तर चूल पेटते, पण शेताला काही मिळत नाही. उकिरड्यावर टाकले तर ऊन, वारा व पाऊस यांमुळे त्यातील नत्राचा बराचसा अंश वाया जातो. याच वेळी बांधावरचा पालापाचोळा आणि पिकांचे अवशेष बहुधा जाळले जातात. अल्प शेणात अधिक काडीकचरा कुजविता येईल काय, या प्रश्नाला घरच्या घरी बांधता येण्याजोगे एक उत्तर म्हणजे नाडेप टाके होय. या पद्धतीची रचना, तिच्यामागील कारणमीमांसा आणि तिच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या पद्धतीला पूर्वपरंपरा आहे. आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टाची पद्धत सिद्ध केली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यासंबंधीच्या ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड हे होते. इंदूर पद्धतीत ढीग वेळोवेळी उलथून त्याला हवा द्यावी लागते. खत चांगले होते, परंतु श्रम फार पडतात. पुढे सी. एन. आचार्य यांनी विकसित केलेल्या बंगलोर पद्धतीत खड्डा भरून चिखलाने लिंपतात. तेथे उलथापालथ वाचते. मात्र हवेच्या अभावी कुजण्याची क्रिया मंदावते आणि खतास अधिक महिने लागतात. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील गांधीवादी कार्यकर्ते ना. दे. पांढरीपांडे यांनी हवा देण्याचे काम माणसाकडून काढून भिंतीकडे सोपविले. त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून या टाक्यास नाडेप हे नाव पडले.

टाक्याची प्रचलित मापे आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशी आहेत. विटांचे दोन थर पूर्ण रचल्यावर तिसऱ्या थरात विटांमध्ये सुमारे ७ इंचांची भोके सोडावयाची, आणि हाच क्रम वरपर्यंत चालू ठेवावयाचा. एका ओळीतील भोके दुसऱ्या ओळीतील भोकांच्या बरोबर वर येऊ नयेत. विटांची जुळणी मातीच्या गाऱ्यात चालते. केवळ सर्वांत वरचा थर सिमेंटमध्ये बसविला म्हणजे भिंत टिकते. विटांचा खर्च झेपत नसेल तर बांबूच्या ताट्यांचा आडोसाही काम देतो, कारण महत्त्व विटेला नसून तिच्यामधील मोकळ्या जागेला आहे.

भरण्यापूर्वी भिंती व तळ शेणकाल्याने ओले करावेत. नंतर ६ इंचांचा काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण कालवलेल्या पाण्याचा शिडकावा, आणि त्यावर चाळलेल्या कोरड्या मातीचा पातळ थर, असा क्रम टाके भरून वर दीड फूट येईपर्यंत चालवावा. शेवटी मातीने झाकून शेणमातीने लिंपावे. पंधरा-वीस दिवसांत सामग्री खाली बसते; तेव्हा त्याच क्रमाने पुन्हा भर घालून लिंपावे. पुढे भेगा बुजविणे व ओलावा राखणे एवढेच काम उरते. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. ते चाळून जो अर्धकच्चा भाग उरेल, तो पुढील भरणीत घालावा.

या रचनेतील प्रत्येक घटकाचे कार्य वेगळे आहे. भोकांवाटे प्राणवायू आत जातो व वायुजीवी जीवाणूंचे काम चालू राहते. शेण येथे मुख्य अन्नद्रव्य म्हणून नव्हे, तर जीवाणूंचे विरजण म्हणून येते. कुजताना सुटणारा अमोनिया मातीचे चिकणकण धरून ठेवतात, त्यामुळे नत्राचा ऱ्हास कमी होतो. वरील लेप ओलावा राखतो.

येथे हिशेबाची गरज उत्पन्न होते. एका पूर्ण टाक्यास शिफारशीप्रमाणे १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, सुमारे १७५० किलो माती आणि १५०० ते २००० लिटर पाणी लागते. खत साधारण ३ टन मिळते, असे सांगितले जाते. परंतु माती कुजून नाहीशी होत नाही. तेव्हा या ३ टनांपैकी निम्म्याहून अधिक वजन आपणच घातलेल्या मातीचे असते. वाळक्या काडीकचऱ्यात नत्र अर्धा टक्का धरल्यास १५०० किलोंत ते साडेसात किलो होते. ताज्या शेणातून येणारी भर अर्ध्या किलोच्या आत राहते. एकंदर ८ किलो नत्र, म्हणजे सुमारे १७ किलो युरियातील नत्राइतके. यावरून पद्धत निरुपयोगी ठरत नाही, कारण सेंद्रिय द्रव्य, जलधारणाशक्ती व जमिनीची घडण हे लाभ युरिया देत नाही. मात्र खताची किंमत टनांवरून ठरविणे अयोग्य होय, एवढे निश्चित ठरते.

सुधारणेचा मार्गही याच हिशेबातून दिसतो. केवळ काड व धसकटे यांत कर्बाचे प्रमाण नत्राच्या मानाने फार मोठे असते, म्हणून ती सावकाश कुजतात. वाळक्या वजनाने १०० किलो गिरिपुष्पाचा पाला तितक्याच काडाऐवजी वापरला आणि त्यात नत्र ३ टक्के धरले, तर टाक्यातील नत्र सुमारे अडीच किलोंनी, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. बांधावर ही झाडे लावण्यास खर्च जवळजवळ नाही. पऱ्हाट्या व तुराट्या मात्र बारीक केल्याशिवाय घालू नयेत.

लहान कुटुंबाची खरी अडचण विटांची नसून श्रमाची आहे. टाके एक-दोन दिवसांतच भरून लिंपावे लागते, म्हणून दीड टन कचरा, माती व पाणी आधीच साठवावे लागते. दोन माणसांच्या घराने लांबी ५ फुटांवर आणावी, म्हणजे सामग्री निम्मी लागेल. रुंदी व उंची मात्र वाढवू नये. दोन्ही बाजूंनी शिरणारी हवा मध्यापर्यंत पोहोचली पाहिजे. विदर्भ-मराठवाड्यात खरिपाची मळणी आटोपल्यावर, विहिरीस पाणी आहे तोवर, पौष-माघात भरणी केल्यास पेरणीपूर्वी खत हाती येते. भरणी चैत्रावर लोटली तर पाणी पिण्यास ठेवावे की टाक्यास द्यावे, हा प्रश्न त्या घरापुढे उभा राहील, आणि त्याचे उत्तर टाक्याच्या बाजूने लागणार नाही.