अस्वलाएवढा रॅकून आणि त्याहून नवलाचा त्याचा आजा

‘अस्वलाएवढा रॅकून खरंच होता का?’ असा प्रश्न एका वाचकाने पाठवला आहे. सोबत मोबाइलवर फिरणारं एक चित्र आहे. डोळ्यांवर काळी पट्टी, शेपटीवर पट्टे, आणि आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी एक माणूस, बिचारा जरा घाबरलेलाच. उत्तर सोपं आहे: होता. मात्र ती काळी पट्टी आणि शेपटीवरचे पट्टे चित्रकाराच्या पदरचे. या प्राण्याची आपल्या हाती लागलेली सगळी मालमत्ता म्हणजे कवट्या, जबडे, दात आणि थोडीफार हाडं. अंगाच्या रंगाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

त्याचं नाव चापालमालानिया. अर्जेंटिनात मार देल प्लाता शहराच्या दक्षिणेला अटलांटिकच्या काठाने चापादमालालचे कडे उभे आहेत. लाटा त्यांना खालून खातात, दरडी कोसळतात आणि आतली हाडं उघडी पडतात. अर्जेंटिनाचे जीवाश्मशास्त्रज्ञ फ्लोरेंतिनो अमेगीनो यांनी १९०८ मध्ये या कड्यांवरूनच हे नाव दिलं. साधारण चाळीस ते तीस लाख वर्षांपूर्वी हा प्राणी तिथे वावरत होता, आणि त्याचं वजन शंभर किलोच्या पुढे असावं असा अंदाज आहे. आजचा रॅकून सहसा दहा किलोंच्या आतबाहेर असतो. चापालमालानियाचे अवशेष सुरुवातीला अस्वलाचे समजले गेले यात नवल नाही. १९५९ मध्ये क्रागलिएविच आणि ओलासाबाल यांनी त्याच्यावर सविस्तर शोधनिबंध लिहिला, तो मात्र रॅकूनच्या कुळातला म्हणूनच.

इथे प्राण्यांच्या वर्गीकरणाचा आद्य पुरुष लिनियस याची आठवण येते. त्याने १७५८ मध्ये साध्या रॅकूनलाच अस्वलांच्या गोतात बसवलं होतं. त्याच्याकडे शुप नावाचा एक पाळीव रॅकून होता, स्वीडनच्या युवराजाकडून आलेला. तो कुत्र्याच्या तोंडी मेला तेव्हा लिनियसने शोक आवरून त्याचं विच्छेदन केलं आणि त्यावर लेख लिहिला. शास्त्रज्ञांच्या घरी प्राणी पाळण्यात हा धोका असतोच. तर सांगायचं हे की रॅकूनला अस्वल समजण्याची परंपरा जुनी आहे, आणि ती थोरांनी सुरू केलेली आहे.

मोठा होता म्हणून तो भयंकर शिकारी होता, असंही समजू नका. ग्लिप्टोडॉन, म्हणजे पाठीवर हाडांची ढाल वागवणारा आर्माडिलोचा थोराड भाऊबंद. अशा एका ग्लिप्टोडॉनच्या सांगाड्यावर सापडलेल्या दातांच्या खुणा २०१३ मध्ये अर्जेंटिनाच्या संशोधकांनी तपासल्या. त्या बहुधा चापालमालानियाच्या आहेत आणि मेलेलं जनावर खाताना उमटल्या आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे स्वभाव रॅकूनचाच: मिळेल ते खायचं.

पण मला विचाराल तर त्या चित्रात भलताच प्राणी उभा केला आहे. नवल करायचं तर ते चापालमालानियाच्या आकाराचं नाही, त्याच्या आज्याचं करावं. तो सायोनासुआ, पंधरा-वीस किलोंचा, जरा दणकट कोआटीसारखा (कोआटी म्हणजे रॅकूनचाच लांब नाकाचा भाऊबंद). दक्षिण अमेरिकेत त्याचे सर्वांत जुने अवशेष सुमारे ७३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. कुत्रा, मांजर, अस्वल, मुंगूस ज्या गणात येतात त्या मांसाहारी गणातला तिथे पोहोचलेला हा पहिला प्राणी. दोन्ही अमेरिकांना जोडणारी पनामाची भूमी सलग झाली ती बहुतेकांच्या मते तीसेक लाख वर्षांपूर्वी. पूल बांधून व्हायच्या चाळीस लाख वर्षं आधीच हे महाशय पलीकडे हजर!

सायोनासुआला १८८५ मध्ये नाव दिलं तेही अमेगीनोंनीच. त्यामुळे सगळीकडे त्यांचंच नाव येतं. अमेगीनो माणूस मोठा रसाळ. पोटापाण्यासाठी काही काळ ब्युनोस आयर्समध्ये पुस्तकांचं दुकान चालवत, आणि दुकानाचं नाव काय, तर ‘ग्लिप्टोडॉन’. पण ज्या निबंधात सायोनासुआ पहिल्यांदा अवतरतो, त्याचं लांबलचक शीर्षक सावकाश वाचलं की दुसरं एक नाव दिसतं: हे अवशेष प्राध्यापक पेद्रो स्कालाब्रिनी यांनी गोळा केलेले असून पाराना शहराच्या प्रांतिक संग्रहालयाचे आहेत, असं त्यात स्वच्छ नोंदवलेलं आहे. स्कालाब्रिनी इटलीहून आलेले, पारानाच्या अध्यापक विद्यालयात शिकवणारे. नदीकाठच्या दरडींतून निघणारी हाडं जमवावीत, जपावीत आणि वर्णनासाठी अमेगीनोंच्या हवाली करावीत, हा त्यांचा शिरस्ता. अमेगीनोंनी त्यांच्या नावाने एका खुरवाल्या प्राण्याला स्कालाब्रिनिथेरियम म्हटलं, तेवढी परतफेड झाली. पण रॅकूनच्या कुळाची गोष्ट सांगताना या मास्तरांचं नाव कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते. दगडातून हाड बाहेर काढणारा हात आणि त्याला लॅटिन नाव देणारा हात वेगवेगळे असतात, आणि पुस्तकात सहसा दुसराच उरतो.

त्याच शीर्षकात अमेगीनोंची प्रसिद्ध खोडही दिसते. तिथे त्या हाडांना ‘ऑलिगोसीन’ काळातली म्हटलं आहे, म्हणजे आज मानतात त्याहून कितीतरी जुनी. अर्जेंटिनातले सगळेच थर त्यांना फार पुरातन वाटत. त्यातूनच, माणसासकट बहुतेक सस्तन प्राणी पंपाच्या गवताळ मैदानांत जन्मले आणि तिथून जगभर पसरले, या मतापर्यंत ते पोहोचले. देशाभिमान आणि कालगणना यांची गाठ पडली की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पुढे ज्वालामुखीच्या राखेवरून आणि खडकांतल्या चुंबकीय खुणांवरून वयं काढता आली, आणि प्रवासाची दिशा उलटी झाली. रॅकूनचं कुळ उत्तरेकडून दक्षिणेत उतरलं.

उतरलं कसं, हा खरा मजेचा प्रश्न. जीवाश्मशास्त्रज्ञ जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन यांनी १९४० मध्ये प्राण्यांच्या स्थलांतराच्या वाटांची जी वर्गवारी केली, तिच्यातली एक वाट म्हणजे लॉटरी. एका वर्षात समुद्र ओलांडण्याची शक्यता जवळजवळ शून्य. पण तिकीट दर पावसाळ्यात निघत राहिलं आणि सोडतीसाठी लाखो वर्षं हाताशी असली, तर कुणाला तरी बक्षीस लागतंच. लागायला मात्र जोडपं तरी हवं, नाहीतर पोटुशी मादी. कल्पना पटत नसेल तर १९९५ चं उदाहरण घ्या. कॅरिबियन समुद्रात लागोपाठ दोन चक्रीवादळं येऊन गेली. त्यानंतर ऑक्टोबरच्या सुरुवातीला अँग्विला बेटाच्या किनाऱ्याला उन्मळलेल्या झाडांचा एक तराफा लागला, आणि त्यावर निदान पंधरा हिरवे इग्वाना होते. ही जात त्या बेटावर त्याआधी नव्हती. कोकणात पुराच्या पाण्यातून ओंडक्यावर बसून येणारी जनावरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यात अद्भुत काही वाटणार नाही. रॅकून तर वर पट्टीचे पोहणारे. मधली सामुद्रधुनी अरुंद होत चालली होती, वाटेत बेटं होती. लॉटरीचे आकडे हळूहळू अनुकूल होत गेले असणार.

आता एक मतभेद. पनामाची भूमी सायोनासुआ येण्याच्याही बऱ्याच आधी जोडली गेली होती, असं २०१५ मध्ये कोलंबियातल्या खडकांच्या आधारे मांडलं गेलं. लगेच पुढच्या वर्षी तीसहून अधिक शास्त्रज्ञांनी मिळून ते खोडून काढलं आणि जुना तीसेक लाखांचाच आकडा उचलून धरला. मला दुसरी बाजू पटते, आणि सायोनासुआ हेच त्याचं एक कारण आहे. रस्ता पूर्ण खुला असता तर मांसाहारी गणातलं एकटं रॅकूनचं कुळच का गेलं? कोल्हे, मांजरं, अस्वलं मागे लाखो वर्षं वाट का पाहत बसली?

या पाहुण्यांच्या नावावर एक जुना आरोप आहे. दक्षिण अमेरिकेत तेव्हा स्पॅरासोडॉन्ट नावाचे, कांगारूच्या दूरच्या गोतातले शिकारी प्राणी होते. रॅकून आले आणि त्यांनी या स्थानिकांना हुसकावलं, अशी कथा अनेक वर्षं चालली. २०१३ मध्ये प्रेवोस्ती, फोरासिएपी आणि सिमिक्झ यांनी दोघांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. स्पॅरासोडॉन्टांची ओहोटी आधीपासून सुरू होती, आणि मिळेल ते खाणारे हे पाहुणे त्यांचे प्रतिस्पर्धी फारसे नव्हतेच. शिवाय एक भक्कम साक्ष उपलब्ध आहे: दोघंही बराच काळ एकाच भूमीवर नांदले.

मग ही मंडळी गेली कुठे? चापालमालानिया आधी संपला, सायोनासुआ त्याच्यानंतरही बराच तगून राहिला, पण शेवटी तोही नाहीसा झाला. पूल झाल्यावर खरी अस्वलं आली, कुत्र्यांचं कुळ आलं, मांजरांचं आलं. आज पाराना नदीच्या काठाने खेकडे धुंडाळणारा जो रॅकून दिसतो, तो सायोनासुआचा पणतू नाही. त्याचे पूर्वज पुलावरून मागाहून आले. घराण्याच्या दोन स्वाऱ्या झाल्या, आणि पहिल्या स्वारीचा वंश बुडाला.

या कुळाचा वृत्तांत एकूणच तुटक आहे. झाडांवर राहणाऱ्या, जंगलात मरणाऱ्या प्राण्यांची हाडं क्वचितच टिकतात. दात टिकतात, आणि दात फसवतात. दिसण्यावरून याच कुळातले किंकाजू आणि ओलिंगो सख्खे भाऊ मानले जात. डीएनएने सांगितलं की ओलिंगो कोआटीच्या जवळचा आणि किंकाजू सगळ्यांपासून लांबचा. आपला सिक्कीम-दार्जिलिंगचा लाल पांडासुद्धा कितीतरी वर्षं रॅकूनच्या कुळात मोडत होता, आता त्याचं कुळ वेगळं केलं आहे. सायोनासुआचा डीएनए मिळण्याची आशा नाही. त्यामुळे तो कोआटीच्या किती जवळचा, हा वाद दाढांच्या उंचवट्यांवरच लढवावा लागतो.

नव्या पुराव्याची मला सर्वाधिक आशा आहे ती पनामातून. तिथला कालवा रुंद करताना उघड्या पडलेल्या खडकांत पनामासेबस नावाचं एक माकड सापडलं, २.१ कोटी वर्षांपूर्वीचं, फक्त सात दातांवरून ओळखलेलं. ते उलट दिशेने, दक्षिणेकडून उत्तरेकडे गेलं होतं. समुद्र तर तेव्हा आणखी रुंद होता.