नंबर आणि मनगट

‘बाजूनं दोन, मागं दोन, वर कात्री.’ साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या सलूनमध्ये खुर्चीत बसलेला तरुण एवढंच सांगतो आणि मोबाइल काढतो. त्याच्या दृष्टीनं सांगून झालेलं असतं. दादा मात्र लगेच मशीन उचलत नाहीत. आधी मोकळ्या हातानं डोकं चाचपतात. कानामागचा खळगा, मागचा कवटीचा उंचवटा, भोवरा एक की दोन, कुठं जुन्या टाक्यांची खूण. मग आरशाखालच्या ट्रेमधून दोन नंबरचा कंगवा निघतो आणि मशीनच्या पात्यावर बसतो. बसताना ‘टक’ असा आवाज येतो. तो आला नाही, तर दादा कंगवा काढून पुन्हा बसवतात.

या काळ्या प्लॅस्टिकच्या कंगव्यांकडं गिऱ्हाइकाचं सहसा लक्ष जात नाही. सगळ्यांना ठाऊक असतो तो नंबर. त्यामागचं माप इंचाचं आहे. एक नंबर म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिलिमीटर. दोन म्हणजे पाव इंच, तीनला साधारण १० मिलिमीटर, चारला अर्धा इंच, आणि असं चढत आठ नंबरला पुरा इंच. शिवाय अर्धा आणि दीड नंबरही असतो, आणि बारीक काम करणारे त्याच दोघांना जास्त जपतात. विजेवर चालणारं केस कापायचं मशीन लिओ वॉल यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या स्टर्लिंग गावी १९१९ मध्ये बनवायला घेतलं. आपण दूध लिटरनं आणि कापड मीटरनं घेऊ लागलो त्यालाही पिढ्या लोटल्या, पण सलूनच्या ट्रेमध्ये आजही इंचाचे आठ भाग ओळीनं मांडलेले दिसतात.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे एका नंबरावरून पुढच्या नंबरावर जायला त्याला नऊ-दहा दिवस लागतात. त्यामुळं खुर्चीत बसलेल्याचे कल्ले पाहून दादा विचारतात, ‘‘मागच्या खेपेला एक मारला होता ना? तीन आठवडे झाले असतील.’’ बहुतेक वेळा ते बरोबर निघतं.

कंगवा स्वतः काहीही कापत नाही. मशीनला दोन दातेरी पाती असतात. खालचं स्थिर, वरचं डावी-उजवीकडं धावणारं. आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर चुंबकाच्या मशीनमधलं वरचं पातं मिनिटाला ६,००० फटके मारतं, आणि सलूनमध्ये सतत ऐकू येणारी गुणगुण त्याचीच. कंगवा खालच्या पात्याला अडकतो आणि पातं कातडीपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवतो. ‘‘कापतं मशीन,’’ दादा म्हणतात. ‘‘नंबर नुसता धरून ठेवतो.’’

पण हे अंतर खरं ठरायला केस उभा राहावा लागतो. मशीन केसाच्या उलट दिशेनं गेलं, की कंगव्याचे दाते केस उचलतात आणि तो नंबराइतकाच उरतो. केसाच्या दिशेनं गेलं, तर केस दात्यांखाली आडवा होतो, निसटतो आणि लांब राहतो. तोच कंगवा, तेच डोकं, उंची मात्र वेगळी. म्हणून मानेवर मशीन खालून वर जातं. मानेच्या कडेचे केस पुष्कळदा तिरपे, मधोमध वळलेले असतात. तिथं दादा मशीनही तिरपं धरतात. टाळूमागच्या भोवऱ्यावर तर एकच दिशा कामाची नसते, तिथं चारही बाजूंनी फिरावं लागतं.

भरतीची तयारी करणारी पोरं येतात आणि ‘सगळीकडून एक’ सांगतात. हे काम सोपं दिसतं, पण मला ते अवघड वाटतं. मोठ्या केसात चूक दडते, एक नंबरात एक सुटलेला झुपकाही लांबून दिसतो. दादा अशा डोक्यावरून मशीन फिरवून झालं, की तळहात उलटा-सुलटा फिरवून पाहतात. डोळ्याला न दिसलेला केस हाताला लागतो.

खरं कौशल्य दिसतं ते फेडमध्ये. मानेजवळ कातडी दिसावी, वर जाताना केस हळूहळू दाट व्हावा आणि कुठं काय बदललं ते कळू नये, अशी अपेक्षा असते. आता कंगवे तर पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. खाली एक नंबर फिरवला आणि वर दोन, तर दोघांच्या सीमेवर कानापासून कानापर्यंत रेघ उमटते. ती रेघ कोणताही कंगवा आपण होऊन घालवत नाही. ती घालवतं मनगट. मशीन वर जात असताना सीमेच्या जरा अलीकडं दादांचं मनगट बाहेर वळतं आणि कंगवा टाळूपासून सुटू लागतो. जिथं तो सुटतो, तिथं उंची नंबराची राहत नाही, ती हाताची होते. एक आणि दोनच्या मधल्या तीन मिलिमीटरांत लागेल ती उंची त्या वळणातून मिळते. मग दीड नंबर. मग मशीनच्या बाजूचा खटका उघडून पुन्हा एक नंबर, कारण खटका उघडला की पातं मागं सरकतं आणि केस अर्ध्या नंबरानं लांब उरतो. खटका अर्धवट मिटून आणखी एकदा. प्रत्येक फेरीला पट्टा अरुंद होत जातो.

ही फेरी सगळीकडं सारखी करून चालत नाही. कानामागच्या खळग्यात कंगवा नीट टेकत नाही, म्हणून तिथं दादा फक्त कंगव्याची कड वापरतात. मागच्या उंचवट्यावर कातडी फिकी दिसते, म्हणून तिथं एकाऐवजी दीड. मोजली तर उंची वेगळी भरेल, पण आरशात रंग सारखा दिसतो, आणि गिऱ्हाइकाला तेच हवं असतं. मध्येच ते दोन पावलं मागं जातात, डोळे बारीक करतात. रेघ राहिली असेल तर अशी धूसर नजरच ती पकडते. ‘दोन नंबर मारा’ म्हणणाऱ्या माणसाला वाटतं, आपण माप दिलं. वास्तविक त्यानं फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगितलेलं असतं.

कंगवा नीट अडकला नाही आणि कानाला धक्का लागून मध्येच उडाला, तर पातं थेट कातडीवर येतं आणि क्षणात टक्कल पडल्यासारखा ठिपका उरतो. मग बाकीचं डोकं त्या ठिपक्यापर्यंत उतरवण्याखेरीज उपाय नसतो. म्हणून दर वेळी ‘टक’ ऐकल्यावरही दादा अंगठ्यानं मागची पकड दाबून बघतात. प्लॅस्टिकच्या पकडीचा आकडा कालांतरानं सैल होतो. धातूची पकड जास्त टिकते, आणि हल्ली चुंबकानं चिकटणारे कंगवेही आलेत. स्वस्तातला कंगवा बोटानं दाबला तर मधोमध वाकतो आणि डोक्यावरही तसाच वाकतो. एखादा दात मोडला असेल तर त्या जागी केस नीट उचलला जात नाही आणि फिरवलेल्या पट्ट्यात बारीक रेघ राहते. मोडक्या दाताचा कंगवा दादा ट्रेमध्ये ठेवत नाहीत. हा खर्च टाळण्यासारखा नाही, या मताला मीही आलो आहे.

स्वच्छतेबद्दल मला ठामपणे बोलायचं आहे. कंगव्याच्या दात्यांच्या बुडाशी केस आणि कोंडा अडकतो. नायट्यासारखे बुरशीचे आजार एका डोक्यावरून दुसऱ्यावर जातात ते अशाच हत्यारांमधून. नुसती फुंकर मारून किंवा टेबलावर आपटून कंगवा साफ होत नाही. इथं ब्रशनं केस काढतात, कंगवे साबणाच्या पाण्यात आणि मग जंतुनाशकात बुडवतात, पूर्ण वाळल्यावरच परत घेतात. दिवसभर वापरायचे तर प्रत्येक नंबराचे दोन कंगवे लागतात, म्हणजे एक वाळेतो दुसरा चालतो. आपण गिऱ्हाईक म्हणून कापड धुतलेलं आहे का ते पाहतो, वस्तऱ्याचं ब्लेड नवं मागतो. कंगव्याबद्दलही विचारावं. विचारल्यानं चांगला कारागीर रागावत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत सलून महिनोन्‌महिने बंद राहिली. महाराष्ट्रात ती २८ जूनपासून उघडली, तीही केस कापण्यापुरती, दाढीला मनाई ठेवून. तोवर अनेक घरांत ट्रिमर आला होता. घरच्या ट्रिमरला बहुधा एकच सरकता कंगवा असतो. चाक फिरवलं की माप बदलतं. दाढीला तो उत्तम. डोक्यावर मात्र लांब मापावर ओढला तर तो लवतो आणि केस कुठं कमी, कुठं जास्त कापले जातात. परवा एक वडील आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन आले. घरी कापलेल्या केसांत कानावर खाच पडली होती. दादांनी मुलाला खुर्चीच्या हातांवर आडव्या टाकलेल्या फळीवर बसवलं आणि वडिलांना विचारलं, ‘‘कितीनं सुरू केलं?’’

‘‘दोननं.’’

‘‘पुढच्या खेपेला चारनं करा, भाऊ. सगळं डोकं चारनं फिरवा. मग आरशात बघा. कमी वाटलं तर तीन लावा, पण कानाच्या वर बोटभर थांबा.’’ आणि मशीनवर तीन नंबर बसवून, अंगठ्यानं पकड दाबून, त्यांनी मुलाचा कान हलकेच दुमडून धरला.