नव्या वाहनचालकांच्या शिबिरात काय शिकवतात?



गळीत हंगाम तोंडावर आला की आम्हा शेतकी खात्याच्या मंडळींना एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, पोरगा मिसरूड फुटल्यापासून ट्रॅक्टर चालवतोय, त्याला दोन दिवस बसवून काय शिकवणार?" ऊस वाहतुकीला येणाऱ्या नव्या चालकांत सभासदांचीच मुले पुष्कळ असतात, म्हणून हा खुलासा.

पहिली सकाळ कागदपत्रांत जाते. परवाना, विमा, फिटनेस पाहतात, डोळे तपासतात. ट्रकच्या परवान्याला वयाची २० वर्षे पुरी लागतात आणि त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना निदान वर्षभर हातात असावा लागतो. तेव्हा अठराव्या वर्षाच्या मुलासाठी कोणी गळ घालू नये. दुपारी केनयार्ड, वजनकाटा आणि गव्हाण फिरवून दाखवतात. वायररोप ऊस भरण्याआधीच गाडीच्या तळाशी अंथरावे लागतात. विसरले तर क्रेन मोळ्या उचलणार कशाला धरून?

खरी शाळा दुसऱ्या दिवशी. शेतात वळताना आपण ट्रॅक्टरचा एकाच बाजूचा ब्रेक दाबतो, पायाला तीच सवय असते. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या असताना रस्त्यावर तसा एकच ब्रेक दाबला, तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जातो आणि ट्रॉल्या त्याला ढकलत पालथा घालतात. म्हणून शेत सोडताना दोन्ही पेडलांची खिट्टी लावायची. हे चालकांकडून पुन्हा पुन्हा करून घेतात. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची नाही. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकायचा. वाचलेले डिझेल कितीसे असते!

गाडी बंद पडली की चाकामागे दगड लावतात, ते ठीक. पण गाडी निघून जाते आणि दगड तिथेच राहतात. रात्री त्यावर मोटारसायकल आदळते, आणि तिच्यावर आपल्याच गावचा कोणी असतो. दगड उचलून रस्त्याकडेला टाकल्याशिवाय गाडी हलवायची नाही. ट्रॉलीच्या मागच्या रिफ्लेक्टरवर वाडे लोंबत असेल तर ते कापायचे. टेपवरची गाणी इतपतच, की मागच्याचा हॉर्न ऐकू यावा. या मुद्द्यावर मुले हसतात, पण ऐकतात.

जादा भरल्यास मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. खेप वाचवायला जाऊन हंगामाची कमाई घालवू नये.

तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, साखरही उतरते. चोवीस तासांत तो गव्हाणीत पडावा, म्हणून भरलेली गाडी ढाब्यावर लावून झोपू नये, असे चालकांना बजावतो. झोप आवरत नसेल तर मात्र गाडी रस्त्याच्या खाली घेऊन खुशाल झोपावे. ऊस वाळला तरी चालेल.

राहिली खुशाली. तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच ऊस बिलातून वळता होतो, मग खेपेमागे वेगळे पैसे कशाचे? मागू नये, असे शिबिरात आम्ही स्पष्ट सांगतो. पण पाळी लवकर यावी म्हणून आपण होऊन नोटा पुढे करणारेही सभासदच असतात, हेही इथे लिहिले पाहिजे.

ज्यांची मुले यंदा प्रथमच गाडीवर बसणार आहेत, त्यांनी मोळीपूजनापूर्वी गट कार्यालयात नाव नोंदवून परवान्याची झेरॉक्स द्यावी.