गोचीड राहतो भिंतीत

दूध अगदी लगत असताना गाईच्या कासेला चिकटलेला गोचीड रक्तच पितो, असा दृष्टान्त ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या श्रोत्यांना तो उलगडून सांगावा लागला नसेल, कारण गोठा प्रत्येकाच्या ओळखीचा होता. आज पुण्यात गोठे गेले, पण गोचीड काही गेला नाही. तो आता तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याच्या कानात असतो, सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीत असतो, आणि आमच्याकडं बकरी ईदच्या आधी दारात बांधलेल्या बोकडाच्या अंगावरही असतो.

गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा. अंड्यातून बाहेर पडतं ते पिल्लू मात्र सहा पायांचं आणि मोहरीहूनही बारीक. कुत्र्याच्या गोचिडाचा जन्म असा जातो : पिल्लानं रक्त प्यायचं, खाली पडायचं, कात टाकायची, पुन्हा अंगावर चढायचं, पुन्हा प्यायचं, पुन्हा पडायचं. शेवटी टम्म फुगलेली मादी भिंतीच्या फटीत जाऊन दोन-चार हजार अंडी घालते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडे. बाकीचे सगळे फरशीच्या सांध्यात, खाटेच्या चौकटीत, पडद्याच्या मागं उपाशी बसून वाट पाहत असतात, आणि ते कित्येक महिने उपाशी राहू शकतात. लोक कुत्र्याला औषधी साबणानं आंघोळ घालतात, आठ दिवसांनी पुन्हा गोचीड दिसले की औषधाला शिव्या देतात. औषध कदाचित बरोबर असेल. घर कोणी धुतलं?

तेव्हा सुरुवात घरापासून करावी. कुत्र्याचं अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकावं. भिंतीच्या फटी सिमेंटनं बुजवाव्यात. अंगणातलं वाढलेलं गवत आणि साचलेला पालापाचोळा काढावा, अडगळ भिंतीपासून दूर ठेवावी. पूर्वी अंगणात कोंबड्या असत, त्या गोचीड टिपून खात. आता फवारणी करावी लागते. ती पशुवैद्याला विचारून करावी, पिकाचं औषध आणून नव्हे. घरात रांगतं मूल असेल तर ही गोष्ट दोनदा ऐका.

आणखी एक, मांजर पाळणाऱ्यांसाठी. कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला विषासारखं बाधतं, जीवही जातो. मोत्याचं औषध उरलं म्हणून मनीला लावू नये.

कुत्रा अचानक खाईनासा झाला, ताप आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, तर तो ‘टिक फिव्हर’ असू शकतो. रक्ततपासणी लवकर झाली तर कुत्रा वाचतो. ‘दोन दिवस बघू’ म्हणण्यात पुष्कळ कुत्री गेली आहेत.

आता बोकडाबद्दल. गोचिडातून आणि बाधित जनावराच्या रक्तातून पसरणारा काँगो ताप जानेवारी 2011 मध्ये गुजरातेत आढळला. रुग्णाची सेवा करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही त्यात दगावले. निदान झालं ते आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत. पंचाईत अशी की जनावर आजारी दिसत नाही. म्हणून बोकड घेताना त्याचे कान, शेपटीखालची जागा, जांघा पाहाव्यात. गोचीड असतील तर लगेच पशुवैद्याला गाठावं, आणि ईद कधी आहे तेही त्याला सांगावं. कारण औषध दिल्यावर किती दिवस मांस खायचं नाही, याचा हिशेब असतो. कुर्बानीच्या वेळी हातमोजे घालावेत. हातावर जखम असलेल्यानं ते काम दुसऱ्याला द्यावं. मुलांना त्या जनावराचा लळा लागतो, ती त्याला मिठी मारतात. त्यांना कोणी अडवू नये, फक्त संध्याकाळी त्यांची मान आणि कानामागची जागा पाहावी.

या संस्थेची गोचिडाशी ओळख जुनी आहे. 1952 मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं. पुढं 1978 मध्ये त्याचं आजचं नाव पडलं. 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि गावकरी तापानं फणफणले. प्रथम शंका आली ती पीतज्वराची, जो आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत असतो. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी विषाणू शोधला तेव्हा त्याचं नातं निघालं रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराशी. हाच माकडताप 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि 2016 मध्ये आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग-बांद्याकडं पोहोचला. काजूचा हंगाम आणि जंगलातल्या गोचिडांच्या पिल्लांचा हंगाम एकच. मजुरीसाठी पाल्यात वाकून बिया वेचणाऱ्या बाईला ‘जंगलात जाऊ नका’ सांगणं सोपं आहे. त्या दिवसाचा रोज तिला कोण देणार? तिला सांगायचं ते असं की अंगभर कपडे घाल, उघड्या अंगाला आरोग्य खात्याचं तेल लाव, घरी येताच गरम पाण्यानं अंघोळ करून कपडे धू. मेलेल्या माकडाजवळ तर जाऊच नये. माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड आसपास उतरतात. तिथून लांब राहून आरोग्य केंद्राला कळवावं.

अंगाला चिकटलेला गोचीड काढायच्या आपल्या रीती भयंकर आहेत. कोणी रॉकेल ओततं, कोणी उदबत्तीचा चटका देतं, कोणी नखावर चिरडतं. चटक्यानं तो पोटातलं घाण रक्त आपल्याच अंगात ओकण्याची भीती असते. भुवया कोरायचा प्लकर घ्यावा, कातडीलगत त्याला धरावं, आणि न पिळता, न हिसकता सरळ वर ओढावं. मग जागा साबणानं धुवावी आणि गोचीड स्पिरिटमध्ये टाकावा.

पुढच्या दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ, किंवा चावल्या जागी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आपणहून सांगावं. पुण्यात ताप म्हटलं की डेंगी-मलेरियाच्या तपासण्या आधी होतात. गोचिडाच्या काही तापांवर साधी, स्वस्त औषधं लागू पडतात, पण ती वेळेवर सुरू व्हायला हवीत. त्यासाठी तारीख हवी. गोचीड काढला त्या दिवशीच स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकोनात ती लिहून ठेवावी, दुधाच्या हिशेबाशेजारी.