वसतिगृहातील ज्वारीची भाकरी

बेळगाव, धारवाड हा ज्वारीचा मुलूख. परंतु तेथील महाविद्यालयीन वसतिगृहांतही पानावर बहुधा पोळी व भात असतो, आणि सायंकाळी उपाहारगृहात मैद्याचा पाव व तळलेले पदार्थ. अहितकारक खाद्यपदार्थांची विक्री थांबवावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली व पुन्हा २०१८ साली महाविद्यालयांस कळविले. तथापि वर्ज्य पदार्थांच्या जागी काय ठेवावे, ह्याचे उत्तर बंदीतून मिळत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. मैद्यात ते ३ ग्रॅमही भरत नाहीत. मग भाकरी पानावर का येत नाही? विद्यार्थ्यांच्या बदललेल्या रुचीला दोष देण्याची रीत आहे. खरी अडचण स्वयंपाकघरात आहे. गव्हाच्या पिठाला ताण देणारे ग्लुटेन ज्वारीत नसते. कणीक तिंबून ठेवावी आणि सवडीने लाटावी, तसे येथे चालत नाही. पीठ मळले की लगेच थापावे लागते. दळून फार दिवस झाले असतील तर पिठाची विरी जाते व भाकरीला चिरा पडतात. दोनशे विद्यार्थ्यांस प्रत्येकी दोन म्हटल्या तरी चारशे भाकऱ्या एकेक करून हाताने थापावयाच्या! आचारी नाही म्हणतो, त्यात नवल ते काय?

ह्या अडचणीवर त्याच मुलखातील स्त्रियांनी फार पूर्वीच तोड काढली आहे. पातळ थापून, ओलावा पार निघेपर्यंत भाजलेली कडक भाकरी पुष्कळ दिवस टिकते. उत्तर कर्नाटकात व सोलापूरकडे घरोघरी ती करून विकणे हा एक व्यवसायच झाला आहे.

कृषी महाविद्यालयांना येथे वाव आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या ‘स्टुडंट रेडी’ योजनेत, जी २०१५ साली सुरू झाली, विद्यार्थ्यांनी उत्पादन, प्रक्रिया व विक्री प्रत्यक्ष करून शिकावी अशी सोय आहे. नवा उद्योजक अडतो तो पिकविण्यात क्वचितच. खात्रीचे गिऱ्हाईक मिळत नाही, तेथे तो अडतो. हे पहिले गिऱ्हाईक शेजारच्याच वसतिगृहाची भोजन समिती होऊ शकेल. विद्यार्थ्यांनी शेतकऱ्यांकडून ज्वारी घ्यावी, निवडून दळावी, भाकरी करणाऱ्या स्त्रियांस पीठ व योग्य मजुरी द्यावी. समितीने सत्रभराची मागणी आधी लिहून द्यावी आणि पैसे आठवड्याच्या आठवड्याला चुकते करावेत. थोड्या भांडवलाचा धंदा उधारीने बुडतो. रब्बी ज्वारीचा भाव पुष्कळदा गव्हाहून चढा असतो, तेव्हा दर ठरविताना तो खर्च लपवू नये.

आरंभी आठवड्यातून दोनच दिवस भाकरी असावी. सोबत पालेभाजी, झुणका व शेंगदाण्याची चटणी. किती भाकऱ्या खपल्या व किती उरल्या ह्याची नोंद भोजनगृहाने ठेवावी, खर्चाची वही विद्यार्थ्यांनी. दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या म्हणजे पुढील सत्रात मागणी वाढवावी की कमी करावी, हे ठरविता येईल.